पट्टीवाल्या मावशीचा संप

लिंबायतमध्ये, आम्हा खान्देशी कारीगरांच्या वस्तीत, कुणाचं बोट कापलं, कुणाच्या पायात खिळा गेला, की घरातलं माणूस आधी देवाचं नाव घेई आणि मग धुरपदाबाईचं. देव सगळीकडे असतो हे खरं, पण धुरपदाबाई डॉक्टरांच्या दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ हमखास असे.

ती तिथं लागली होती झाडूपोछ्याला. मग पाणी उकळायचं काम आलं, मग कापूस कापायचं, आणि हळूहळू सगळ्या पट्ट्याच तिच्या हाती आल्या. सुईला मात्र तिनं कधी हात लावला नाही. "सुई डॉक्टरसाहेबांची, पट्टी माझी," असं ती सांगायची. शेवटची गाठ मारताना ती पुटपुटायची, "कानबाई माय, सांभाळ वं." गुण पट्टीचा यायचा की पुटपुटण्याचा, हे डॉक्टरांनीही कधी खोदून विचारलं नाही.

आमच्या खान्देशी घरांत कानबाई म्हणजे श्रावणातली पाहुणी. एक रात्र मुक्काम करते, रोट खाते आणि जाते. धुरपदाबाईच्या घरातून मात्र ती कधी गेलीच नाही. कानबाई म्हणून पुजलेला नारळ लाल कापडात गुंडाळून वर्षभर देव्हाऱ्यात असे, आणि धुरपदाबाई तिच्याशी सुनेनं सासूशी बोलावं तसं बोले, म्हणजे मान राखून, पण सगळं सांगून.

तर या धुरपदाबाईला बजरंग मंडळानं मैदानावर पट्ट्या बांधायला बोलावलं. मंडळ कबड्डीचं, आणि पोरं सगळी लूमवरची, म्हणजे यंत्रमागावरची. मंडळाचा कॅप्टन वाल्मिक. हा नुसता कॅप्टन नव्हता, पुढारीही होता. मागच्या साली त्यानं आपल्या खात्यातले, म्हणजे कारखान्यातले, सगळे लूम बंद पाडले होते, का तर कारीगरांच्या संडासाला दार नव्हतं. शेठनं खूप आरडाओरडा केला, शेवटी दार बसवलं. त्या दिवसापासून वाल्मिकचं नाव 'दारवाले वाल्मिकभाऊ' पडलं, आणि त्याला ते आवडायचंसुद्धा.

मैदानावर धुरपदाबाईच्या जोडीला भटू मालीशवाला होता. पोटऱ्या चोळण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तो एकदा चोळायला लागला की समोरच्याचं दुखणं आणि स्वतःचं तोंड, दोन्ही एकदम सुटायचं. आणि माईकवर असायचे धुरपदाबाईचे मालक, मगनभाऊ. घरात चार शब्द न बोलणारा माणूस, पण माईक हातात आला की थांबायचा नाही.

सगळं बरं चाललं होतं. मग नितीनचा गुडघा आडवा आला.

नितीन हा मंडळाचा हुकमी चढाईवाला. प्रमिलाबाईचा एकुलता एक, धुरपदाबाईच्याच गल्लीतला. दिवाळीनंतरच्या एका सामन्यात पकडीत त्याचा गुडघा पिरगळला आणि पुरीसारखा टम्म फुगला. डॉक्टरांनी दाबून पाहिला, वाकवून पाहिला आणि सांगितलं, "शिमग्यापर्यंत खेळ बंद. ऐकलं नाहीस तर हा पाय लूमवरही उभा राहू देणार नाही."

लूमवर उभं राहणं म्हणजे काय, हे गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. तिथं बसायला स्टूल नसतो. इकडचा धागा तुटला की इकडं धावायचं, तिकडचा तुटला की तिकडं, आणि पाळी संपेपर्यंत हेच. प्रमिलाबाईच्या घरात असं उभं राहणारा नितीन एकटाच होता. शेठ काही गुडघा बरा व्हायची वाट पाहत नाही. आज पोऱ्या आला नाही, तर उद्या त्याच्या लूमवर दुसरा उभा.

धुरपदाबाईनं गुडघ्याला ताणाची पट्टी बांधून दिली आणि बजावलं, "पंधरा दिवसांनी मला आणून दे, धुऊन देते."

पट्टी परत आली ती मैदानाच्या लाल मातीनं भरलेली. एवढ्यावर ती म्हणाली असती, पडला असेल कुठं. पण पट्टीच्या टोकाला गाठ होती. इतकी बारीक, इतकी घट्ट, की नखानं सुटेना, दातानं सुटेना. शेवटी कात्री लावावी लागली. धुरपदाबाईनं ती गाठ उजेडात धरली आणि तिच्या लक्षात आलं. लूमवर तुटलेला धागा जोडायला मारतात ती ही गाठ. ती सुटण्यासाठी मारतच नाहीत. माणसाच्या पायाला अशी गाठ मारणारा शहाणा एकच असू शकतो.

ती तशीच कात्री हातात घेऊन मैदानावर गेली. सराव चालला होता.

"वाल्मिक, नितीनला खेळवलंस?"

वाल्मिकनं आधी कात्रीकडं पाहिलं. "मावशी, तिकडं सचिन गावात दोस्तीतला सामना होता. एवढा काही नाही."

"दोस्तीतला गुडघा वेगळा असतो का रे? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"डॉक्टर काय, सगळ्यांनाच सांगतात. आणि सव्वीस जानेवारीला उसाच्या गावाशी, चलथाणशी गाठ आहे. नितीनशिवाय उतरलो तर ते आम्हाला उसासारखे पिळतील." मग त्यानं खात्यात शेठसमोर काढायचा तो आवाज काढला, "हे बघ मावशी, तुझं काम पट्टी बांधायचं. कोण खेळेल आणि कोण नाही, ते मंडळ ठरवेल."

झालं. धुरपदाबाई रागावली की तिच्या तोंडून शाळेतली मराठी जायची आणि माहेरची अहिराणी यायची. "असं शे का? मंग ऐक. कानबाईनी आन शे माले! नितीनले बसाडत नहीत तवलोंग या मंडळना एक बी पोऱ्याले मी हात लावनार नही. हाऊ मन्हा संप शे!"

म्हणजे नितीनला बसवत नाहीत, तोवर मंडळाच्या एकाही पोऱ्याला ती हात लावणार नव्हती. राग आला तर माणूस काहीही बोलतं, ते कुणी मनावर घेत नाही. पण कानबाईची आण म्हणजे दगडावरची रेघ. ती मोडायला सांगणाराही पापी आणि मोडणाराही.

तेवढ्यात भटू उठून उभा राहिला. "मीबी संपावर! माले बी आन!"

"तुझी काय मागणी?" वाल्मिकनं विचारलं.

भटूनं विचार केला. त्याला एवढ्या लवकर विचारतील असं वाटलं नव्हतं. "खुर्ची पाहिजे. मी दगडावर बसतो. आणि चहा आधी मला. आणि माईकवर नाव."

"भटू," धुरपदाबाई म्हणाली, "खुर्ची पाहिजे तर घरून आण. संप पोऱ्याच्या गुडघ्यासाठी आहे, तुझ्या बुडासाठी नाही."

"मग मी तुझ्या मागणीत," भटू म्हणाला. "पण खुर्चीचंही बघा."

दुसऱ्या दिवशी सगळ्या लिंबायतला ही गोष्ट माहीत झाली. पानाच्या टपरीवर दोन पक्ष पडले. कुणी म्हणालं, बाई बरोबर आहे. कुणी म्हणालं, आजाऱ्याची सेवा करणाऱ्यानं संप करायचा नसतो, हे म्हणजे पाणपोईवाल्यानं उन्हाळ्यात माठ उपडा घालावा. वाल्मिक स्वतः दवाखान्याच्या दारात आला आणि रांगेतल्या पेशंटांना ऐकू जाईल असं बोलला.

"मावशी, खातं बंद पाडलं तर कापड थांबतं. कापडाला दुखत नाही. तू बंद पाडलंस तर माणसाला दुखतं. हा संप नाही, ही दगाबाजी. प्लेगच्या साली डॉक्टर पळाले, तसंच हे."

हे धुरपदाबाईला लागलं. प्लेगच्या साली शहर रिकामं झालं, तेव्हा तिचे डॉक्टरसाहेबही दवाखान्याला कुलूप लावून, किल्ली तिच्याकडं टाकून गावी गेले होते. ती कुठं जाणार? तिच्याजवळ नुसता कापूस होता, आणि प्लेगला कापूस चालत नाही. तरी लोक तिच्या ओट्यावर येऊन बसत, 'मावशी आहे ना' म्हणत आणि घरी जात. डॉक्टर परत आले तेव्हा तिनं किल्ली त्यांच्या हातात दिली होती.

"पळणारा सांगून जात नाही, वाल्मिक," ती म्हणाली. "मी सांगून बसलेय, आणि बसणार तुझ्या समोर. आणि तुला दार पाहिजे होतं तेव्हा संप हा हक्क होता, ना? मला कुणी ऐकावं म्हटलं की दगाबाजी?"

"ते दार सगळ्यांसाठी होतं!"

"आणि गुडघा काय माझा आहे?"

रांगेतली एक म्हातारी हसली. वाल्मिक पाय आपटत गेला.

पण त्या संध्याकाळी दिवा लावताना धुरपदाबाई त्याचंच बोलणं आठवत होती. वाल्मिक मूर्ख होता, पण त्याचं एक वाक्य मूर्खपणाचं नव्हतं. कापडाला दुखत नाही. तिनं लाल कापडातल्या नारळाला विचारलं, "माय, पोऱ्या खेळलाच आणि पडलाच, तर मी काय करू? तुझी आण धरून बसू? नुसतं बघत?" दिवा सरळ जळत होता. त्यावरून तिनं काही धरलं नाही, कारण दारं बंद असली की दिवा सरळच जळतो.

मगनभाऊ पाठीमागं उभे होते. त्यांना वेगळीच काळजी. "संप घरात पण आहे का?"

"मैदानापुरता आहे. हात धुवा, भाकरी वाढते."

ती प्रमिलाबाईकडंही जाऊन आली. प्रमिलाबाई म्हणाली, "माझं ऐकतो का तो? कॅप्टन म्हणाला की निघाला." नितीनला विचारलं, तर तो चपलेकडं बघत म्हणाला, "मावशी, सगळे माझ्याकडं बघतात. नाही कसं म्हणू?" तेव्हा तिनं एक केलं. नाक्यावरच्या रिक्षावाल्याला सांगितलं, सव्वीस तारखेला मैदानाच्या तोंडाशी उभा राहा, तोंड सिव्हिल हॉस्पिटलकडं करून. संप आपल्या जागी, पण पोऱ्याला रस्ता मोकळा पाहिजे.

सव्वीस जानेवारीला झेंडा फडकला, देशभक्तीची गाणी झाली, पेढे वाटले आणि चुन्याच्या रेघा मारल्या. बजरंग मंडळाची पोरं मैदानात आली तर समोर रिक्षा, आणि आत रिक्षावाला सामना बघायला मिळणार म्हणून खूश. "याला कुणी बोलावलं? अपशकुनी!" वाल्मिक ओरडला. पलीकडच्या रेघेवर धुरपदाबाई पोतं अंथरून बसली होती, बाजूला कापूस, पट्ट्या, टिंक्चर, आणि गोणपाटात बर्फाची लादी. शेजारी भटू, तेलाच्या बाटलीसकट. त्यानं खरंच घरून खुर्ची आणली होती.

नितीन खेळायला उतरला. वाल्मिकनं त्याच्या गुडघ्याला अशी पट्टी गुंडाळली होती की पाय कुठं आणि पट्टी कुठं कळेना. केळीच्या घडाला सुतळी गुंडाळावी तसा तो दिसत होता. धुरपदाबाईनं पदर तोंडाला लावला.

पहिल्याच पकडीत चलथाणच्या एका धिप्पाड गड्याचं कोपर सोलवटलं. तो कोपर धरून इकडंतिकडं बघायला लागला.

"ये बाबा, इकडं ये," धुरपदाबाईनं हाक मारली. "तुझी आण नाही घेतलेली."

तिनं त्याला बसवलं, धुतलं, टिंक्चर लावलं, फुंकर घातली, पट्टी बांधली, कानबाईला सांगितलं. तो गडी "थँक्यू मासी" म्हणत हसत परत गेला. मग दुसरा आला. मग तिसरा आला, त्याला काहीच झालं नव्हतं, नुसता आला. भटूला त्यांच्या पोटऱ्या बघून राहवेना. ऊस तोडून तोडून कमावलेल्या पोटऱ्या त्या. मध्यंतरात त्यानं अख्ख्या चलथाणला एका ओळीत बसवलं आणि चोळायला घेतलं.

"अरे, आपलं तेल आणि दुसऱ्याच्या पोटऱ्या!" वाल्मिक किंचाळला. "मगनभाऊ, काहीतरी करा!"

मगनभाऊंनी माईक उचलला. "मंडळाच्या वतीनं जाहीर करण्यात येते की, संपाशी मंडळाचा आणि माझा काही संबंध नाही. माझा तर मुळीच नाही."

दुसरा डाव सुरू झाला. अंगावर नवी तरतरी घेऊन आलेलं चलथाण सुटलंच. बजरंगचे सगळे गडी बाद होऊन त्यांच्यावर लोण चढला. वाल्मिकनं नितीनला खुणावलं. नितीन गेला, दम धरून आत घुसला, एकाला शिवला, वळला, आणि तिथल्या तिथं खाली बसला. पडला नाही, कुणी पाडलं नाही. नुसता बसला, दोन्ही हातांनी गुडघा धरून. तोंडातलं कबड्डी कबड्डी थांबलं.

सगळं मैदान धुरपदाबाईकडं वळलं.

ती उठली. पुन्हा बसली. पुन्हा उठली. गर्दीतून प्रमिलाबाई पळत आली. "धुरपदा, काय बघत बसलीस वं? हात लाव ना त्याला!"

"आन शे, प्रमिला."

"आण तुझी, पोऱ्या माझा!"

धुरपदाबाईनं चपला काढल्या, कान धरले आणि आभाळाकडं बघून म्हणाली, "माय, माझ्या पदरात काय घालायचं ते घाल." आणि रेघ ओलांडायला पाय उचलला.

"थांब!" हे ओरडला वाल्मिक. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तोही कानबाईच्याच घरातला. आपल्यापायी मावशीची आण मोडली, तर घरी आई दारात उभं करणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. "मावशी, मोडू नको! सुटका काढ काहीतरी!"

"सुटका तुझ्याकडंच आहे," ती म्हणाली. पाय अजून हवेतच.

तेव्हा मगनभाऊ माईकवर खाकरले. बायकोचा एक एक शब्द लक्षात ठेवायची सवय त्यांना लग्नापासूनची. "आण 'या मंडळाच्या पोऱ्याला' अशी आहे. पोऱ्या मंडळाचा नसला, तर लागत नाही. चलथाणला कुठं लागली?"

वाल्मिकनं नितीनकडं पाहिलं, फळ्यावरच्या गुणांकडं पाहिलं, धुरपदाबाईच्या पायाकडं पाहिलं. "नितीनला मंडळातून काढलं," तो पुटपुटला.

"माईकवर," धुरपदाबाई म्हणाली. "आणि किती दिवस, तेही सांग."

तो गेला आणि माईक हातात घेतला. खात्यात दोनशे माणसांसमोर बोलणारा माणूस, पण तिथं एकेका शब्दाला अडखळला. "नितीन... शिमग्यापर्यंत... मंडळात नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही."

धुरपदाबाईचा पाय रेघेपलीकडं पडला तो थेट नितीनजवळच. तिनं कात्रीनं ती केळीच्या घडाची सुतळी कापली, बर्फ लावला, पायाखाली पोत्याची घडी दिली. नितीन रडत होता. "मावशी, मला काढलं."

"गप. तुला बसवला. उशिरा बसवला."

आणि इथंच पंचाईत झाली. एका ओठ फुटलेल्या पोरानं हात वर केला. "कॅप्टन, मलाही काढा." दुसऱ्याच्या टाचेत काच होती. "मलाही." वाल्मिक समजावत राहिला, "अरे, नितीन बसला, मागणी मान्य झाली, संप संपला!" पण आण खरंच सुटली, याचा पोरांना भरवसा वाटेना. कानबाईच्या कामात कच्चं नको. मगनभाऊ एकेकाचं नाव घेऊन मंडळातून काढत गेले, आणि एकेक जण पोत्यावर येऊन बसत गेला.

शेवटी मैदानात उरलेल्या चौघांसह वाल्मिक पकडीला गेला आणि चलथाणच्या त्या कोपरवाल्या गड्याच्या मांडीवर त्याचा अंगठा उलटा वळला. तो अंगठा धरून माईककडं निघाला, तेव्हा सगळ्या मैदानाला कळलं की तो कशाला निघालाय. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

"मी... वाल्मिक... मला स्वतःला..." पुढचं हशात बुडालं. चलथाणनं ढाल नेली.

अंगठ्याला पट्टी बांधताना धुरपदाबाईनं पुटपुटायचं ते पुटपुटलं. वाल्मिक म्हणाला, "तू जिंकलीस, मावशी."

"मी कसली जिंकले? पोऱ्या रिक्षात गेला."

सिव्हिलमध्ये नितीनच्या पायाला प्लास्टर घातलं. पाय जाणार नव्हता, पण शिमग्याच्या पुढंही महिनाभर उभं राहणं नाही असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. प्रमिलाबाईनं डोक्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी वाल्मिक शेठकडं गेला. शेठला वाटलं, आता हा कशाचं दार मागतो. वाल्मिक म्हणाला, "नितीनचे लूम मी बघतो माझ्या लूमबरोबर. दुसरा माणूस लावू नका." अंगठ्याला पट्टी, आणि धागा जोडायची ती बारीक गाठ अंगठ्याशिवाय बसत नाही. पहिले काही दिवस त्याच्या लूमवर इतके धागे लोंबकळत होते की शेजारचे कारीगर हसून हसून बेजार झाले. मग तेच येऊन जोडून देऊ लागले.

नितीन दवाखान्यात पाय दाखवायला येई. एकदा बाकड्यावर बसून त्यानं विचारलं, "मावशी, खरं सांग. तू संप केला नसतास तर माझा गुडघा कमी बिघडला असता का जास्त?"

धुरपदाबाई कापूस कापत होती. "माहीत नाही रे. उतरलास तेव्हाच मी आडवी यायला पाहिजे होतं. आण 'हात लावणार नाही' अशी होती. 'आडवी येणार नाही' अशी नव्हती. पण हे मला नंतर सुचलं."

"कानबाईला विचारलंस?"

"विचारलं. ती म्हणते, मला काय विचारतेस, तुझं डोकं कुठं होतं?"

"खरंच असं म्हणाली?"

"मी तिच्या जागी असते तर म्हणाले असते."

उन्हं तापायला लागली तसा नितीन लूमवर उभा राहिला. पहिल्या दिवशी पाळी संपवून, पाय ओढत का होईना, पण स्वतःच्या पायांनी गल्लीत आला. दवाखान्याच्या खिडकीतून धुरपदाबाई बघत होती. तिनं हात जोडले. समोर गटाराचं काम चाललं होतं, पलीकडं जायला फळी टाकलेली. नितीननं फळीकडं पाहिलं, गटाराकडं पाहिलं, लुंगी गुडघ्यावर घेतली आणि उडी मारायचा पवित्रा घेतला.

धुरपदाबाईचे जोडलेले हात सुटले. "ए! ए नितीन!" ती इतक्या जोरात ओरडली की आत डॉक्टरांच्या हातातली सुई थांबली. "मारून तर बघ उडी! फळी काय शोभेला ठेवलीय का रे?"

नितीननं लुंगी खाली सोडली आणि मुकाट्यानं फळीवरून आला.